हिंजवडीचा पैसा कुठे जातो, मत कुठे जातं

बालेवाडीत राहणारा आणि हिंजवडी आयटी पार्कच्या तिसऱ्या टप्प्यात नोकरीला असलेला माणूस सकाळी गाडी सुरू करतो तेव्हा तो पुणे महापालिकेच्या हद्दीत असतो. मुळा नदी ओलांडली की वाकड, म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिका. मुंबई-बंगळूर महामार्गाखालून जाताना दोन मिनिटांपुरता तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा पाहुणा. पलीकडे हिंजवडी गाव. तिथे ग्रामपंचायत, तालुका मुळशी, वर जिल्हा परिषद, आणि बांधकाम परवानगीसाठी पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. शिवाजी चौक मागे पडला की एमआयडीसी. डोक्यावर मेट्रोचे खांब, ते पीएमआरडीएच्या प्रकल्पाचे, उभारणी खासगी कंपनीची. चौकातला वाहतूक पोलिस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचा. शेजारी अडकलेली बस पीएमपीएमएलची. सगळं मिळून अंतर दहा-बारा किलोमीटर.

गेली कित्येक वर्षं या रस्त्याबद्दल छापून येणाऱ्या बातम्यांत एक शब्द ठरलेला असतो: ‘समन्वयाचा अभाव’. मग बैठक होते, निर्देश दिले जातात, संयुक्त पाहणी होते, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच शब्द. यंत्रणांना एकत्र बसता येत नाही म्हणून हिंजवडी तुंबते, यावर माझा विश्वास नाही. ही मंडळी आजवर भरपूर एकत्र बसली आहेत. पण या गावातून निघणारा पैसा आणि या गावात पडणारं मत अशा वाटांनी वाहतं की बैठकीतून उठल्यावर प्रत्येकाने आपापलं बघावं, हेच ज्याच्या त्याच्या सोयीचं ठरतं. ते कसं, हे पाहण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

हिंजवडीत आधी साखर कारखाना येणार होता. संत तुकाराम सहकारी साखर कारखान्यासाठी ही जागा ठरली होती. शरद पवार हा किस्सा जाहीर भाषणांतून अनेकदा सांगत आले आहेत: कारखान्याच्या कार्यक्रमालाच ते गेले आणि इथे कारखाना नको, आयटी पार्क करू, असं त्यांनी तिथेच सांगून टाकलं. कारखाना मग कासारसाई-दारुंब्रेला गेला. हिंजवडीत एमआयडीसीने जमीन घेतली, राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा राहिला, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून इन्फोसिस, विप्रो, टीसीएस अशी नावं भाताच्या खाचरांवर उगवू लागली.

हा किस्सा दूरदृष्टीचा म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेही. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सहकारी साखर कारखान्यात ऊस घालणारा शेतकरी सभासद असतो. तो संचालक मंडळ निवडतो, सर्वसाधारण सभेत उभा राहून अध्यक्षाला जाब विचारतो. रस्ता खराब झाला तर ट्रॅक्टर त्याचाच अडतो. कारखान्याचं आणि गावाचं राजकारण एकाच पंगतीला बसतं. त्या पंगतीत खाणारे किती आणि वाढणारे किती हा प्रश्न वेगळा. आयटी पार्क आल्यावर तोच शेतकरी खातेदार उरला. मोबदला मिळाला, उरलेल्या गुंठ्यांवर चाळी आणि पीजी उभे राहिले, पण कंपनीच्या कारभाराशी त्याचा धागा उरला नाही. कंपनीचाही त्याच्याशी उरला नाही. उद्योग वरून आला, गाव खाली होतं तिथेच राहिलं.

उद्योग आणि स्थानिक संस्था एकमेकांना धरून वाढल्याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको, नदीपलीकडेच आहे. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५० च्या दशकात आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीत कारखान्यांची रांग लागली. १९७० मध्ये चार गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. तिच्या तिजोरीचा कणा होता जकात. टेल्कोत येणारं पोलाद, बजाजमध्ये येणारे सुटे भाग, प्रत्येक ट्रकमागे नाक्यावर पैसे. जकातीला शिव्या घालाव्या तेवढ्या थोड्या. नाक्यावरच्या रांगा आणि त्या रांगांतले ‘व्यवहार’ सगळ्यांना ठाऊक होते. पण उत्पादन वाढलं की पालिकेचं उत्पन्न वाढे आणि रस्ता रुंद केला की उत्पादन वाढे. पुण्याहून निगडीकडे निघालं की अंगावर येणारा तो प्रशस्त रस्ता या हिशेबातून आला. जकात २०१३ मध्ये गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१७ मध्ये जीएसटीने तोही प्रश्न मिटवला आणि महापालिकेला राज्याकडून नुकसानभरपाईचा हप्ता मिळू लागला. तोवर शहर मात्र बांधून झालं होतं.

हिंजवडीत यातलं काहीच लागू झालं नाही. सॉफ्टवेअर ट्रकमधून येत नाही, आणि ग्रामपंचायतीच्या हाती जकातनाक्यासारखं साधन नव्हतंच.

मग हिंजवडीच्या ग्रामपंचायतीला मिळतं काय? मुख्यतः मालमत्ता कर. तो इमारतीवर बसतो. औद्योगिक क्षेत्रात तो कोणी गोळा करायचा, एमआयडीसीला त्यातलं किती, यावर सरकारदरबारी बराच खल झाला आहे. कंपन्यांची तक्रार दुहेरी आकारणीची असते: सेवाशुल्क एमआयडीसीला द्यायचं आणि कर ग्रामपंचायतीला, मग ग्रामपंचायत आमच्या दारात काय करते? ग्रामपंचायत म्हणते, तुमची माणसं आमच्या गावठाणात राहतात, त्यांचा कचरा आणि सांडपाणी आमच्या गळ्यात. दोघांचंही खरं आहे.

मालमत्ता कराचा बारकावा असा की इमारतीत हजार माणसं बसोत की दहा, कर तेवढाच. मे २०२४ मध्ये ३७ कंपन्या हिंजवडी सोडून गेल्याची बातमी हिंजवडी इंडस्ट्रीज असोसिएशनच्या हवाल्याने झळकली आणि राज्यभर राजकीय धुरळा उडाला. पण कंपनी गेली तरी इमारत जाग्यावरच राहते आणि मालकाच्या नावे कराचं बिल निघतच राहतं. म्हणजे नोकऱ्या गेल्याची झळ ग्रामपंचायतीच्या वहीत लगेच दिसत नाही. नोकऱ्या वाढल्याचा फायदाही दिसत नाही.

दुसरं उत्पन्न मुद्रांक शुल्काच्या अनुदानाचं. ग्रामीण भागात खरेदीखतावर जो एक टक्का अधिभार लागतो तो जिल्हा परिषदेमार्फत पंचायतींपर्यंत झिरपतो. मुळशीत फ्लॅट जितके विकले जातील तितकं हे अनुदान फुगतं. त्यामुळे टॉवर उभे राहणं पंचायतीला परवडतं. त्या टॉवरांची परवानगी पीएमआरडीए देते, विकास शुल्क तिच्याकडे जमा होतं, आणि टॉवरातली हजार कुटुंबं ज्या अरुंद रस्त्यावर उतरतात तो बहुधा जुना गावरस्ता असतो.

आता एखाद्या आयटीवाल्याची सॅलरी स्लिप घ्या. त्यात ‘पी. टी.’ नावाची छोटी ओळ असते: दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा व्यवसाय कर. राज्यघटनेच्या कलम २७६ प्रमाणे हा कर राज्य किंवा स्थानिक संस्था लावू शकते. तामिळनाडू आणि केरळमध्ये तो स्थानिक संस्था गोळा करतात. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने तो राज्याकडे गेला, कारण त्यातून रोजगार हमी योजनेला पैसा द्यायचा होता. ७२ च्या दुष्काळातून निघालेल्या राज्याने शहरी पगारदाराकडून खडी फोडणाऱ्या मजुरासाठी घेतलेला हा कर. त्या निर्णयाबद्दल मला आजही आदर आहे. पण हिंजवडीपुरता हिशेब मांडून पाहा. दर एक लाख नोकरदारांमागे वर्षाला २५ कोटी रुपये थेट मुंबईला जातात. नोकऱ्यांच्या संख्येशी सरळ जोडलेला हा एकमेव कर, आणि त्यातला एक रुपयाही नोकरी जिथे आहे तिथल्या संस्थेला हक्काने मिळत नाही. जीएसटी, प्राप्तिकर यांचं तर बोलायलाच नको. भूखंडाचा प्रीमियम, पाणीपट्टी, सेवाशुल्क एमआयडीसीकडे.

थोडक्यात, नोकरी टिकण्यात ज्याचा खरा स्वार्थ आहे ते राज्य सरकार दीडशे किलोमीटरवर बसतं. जे दारात आहेत त्यांचा स्वार्थ बांधकामात.

मताची वाट याहून सरळ. हिंजवडीत रोज लाखोंनी माणसं कामाला येतात, पण मत देतात वाकडला, बाणेरला, कोथरूडला, नाहीतर लातूर-नांदेड-नागपूरच्या आपापल्या गावी. कायद्याने ग्रामपंचायतीत जास्तीत जास्त १७ सदस्य असू शकतात आणि ते गावठाणातल्या, वाड्यावस्त्यांतल्या मतदाराला बांधील असतात. त्या मतदाराच्या दृष्टीने रस्ता रुंद होणं म्हणजे ओटा जाणं, दुकानाचा पुढचा गाळा जाणं, कधी देऊळ हलणं. सरपंचाने त्याची बाजू घेतली तर तो त्याचं कामच करतो. एमआयडीसीचा अधिकारी उद्योग खात्याला उत्तर देतो. पीएमआरडीएचे अध्यक्ष मुख्यमंत्रीच. या सगळ्यांत एकही खुर्ची अशी नाही की जिच्यावरच्या माणसाला हिंजवडीत रोज दीड तास अडकणारा मतदार पाडू शकेल.

२०२५ च्या जुलैमधला प्रसंग अनेकांनी मोबाइलवर पाहिला असेल. त्या वेळचे उपमुख्यमंत्री आणि पुण्याचे पालकमंत्री अजित पवार भल्या पहाटे हिंजवडीत पाहणीला आले होते. सरपंच रुंदीकरणात जाणाऱ्या मंदिराबद्दल काही सांगू पाहत होते, आणि पवार त्यांना ऐकवत होते की धरणं बांधताना देवळं जातातच. मग चढ्या आवाजात, आयटी पार्क महाराष्ट्राबाहेर चाललाय, बंगळूर-हैदराबादला चाललाय, याची तुम्हाला पडली आहे का, अशा अर्थाचं. लोकांनी त्यात अजितदादांचा खाक्या पाहिला, कोणी वाहवा केली, कोणी नावं ठेवली. मला त्या चित्रफितीत दोन हिशेबवह्या समोरासमोर उभ्या दिसल्या. पाच फुटांवरच्या सरपंचाच्या वहीत आयटी पार्क गेल्याचा तोटा नोंदायला रकानाच नव्हता. आणि गावातल्या एका रस्त्यासाठी राज्याच्या उपमुख्यमंत्र्याला पहाटे सहाला यावं लागतं, ते मधल्या पायऱ्यांवर कोणीच उभं नाही म्हणून.

त्याआधी जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात आयटी पार्कच्या रस्त्यांची नदी झाली होती. पाण्याचा माग काढला तर प्रकरण आणखी उघडं पडतं. शेजारच्या माण गावाच्या बाजूच्या टेकड्यांवरून पाणी उतरतं. ते आधी एमआयडीसीच्या भूखंडांतून जातं. तिथे ओढा कुंपणाच्या आत आलेला, कुठे वळवलेला, कुठे पाइपात कोंबलेला. मग रस्ता, आणि रस्त्याच्या मधोमध मेट्रोच्या कामाचे पत्रे. पुढे पीएमआरडीएच्या परवानगीने झालेली गृहप्रकल्पांची जोती, वाटेत भराव. मग गावातली मोरी, जी भातशेतीच्या पाण्याच्या मापाने कधीतरी बांधलेली. आणि शेवटी महामार्ग ओलांडून पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतून मुळेला. एमआयडीसीने आपल्या हद्दीतलं गटार नियमाप्रमाणे बांधलं असेलही. ते गटार जिथे संपतं, तिथून पाण्याला पुढे कुठे जायचं हे सांगणारा नकाशा कोणाच्याच टेबलावर नव्हता.

असा नकाशा असावा, ही घटनेची अपेक्षा होती. ७४ व्या दुरुस्तीने कलम २४३ झेडई आणलं: महानगर प्रदेशासाठी नियोजन समिती, त्यात किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायतींचे अध्यक्ष यांच्यातून निवडलेले. म्हणजे हिंजवडीचा सरपंच आणि वाकडचा नगरसेवक एकाच टेबलावर, कायद्याने. महाराष्ट्राने यासाठी १९९९ मध्ये कायदाही केला. पुण्यात पीएमआरडीए ३१ मार्च २०१५ ला स्थापन झाली. महानगर नियोजन समितीची निवडणूक झाली नोव्हेंबर २०२१ मध्ये, आणि पुढच्याच मार्चमध्ये दोन्ही महापालिकांच्या नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक बसले. समितीतला शहरी हिस्सा चार महिन्यांत हवेत विरला. पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यावर हरकतींचा ढीग पडला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि २०२५ मध्ये सरकारनेच तो रद्द करायचं ठरवलं. दहा वर्षं प्राधिकरण आहे, पण आराखडा नाही. परवानग्या मात्र रोज निघतात.

बसचं आणि मेट्रोचं त्यातच येतं. पीएमपीएमएल २००७ मध्ये दोन शहरांच्या बससेवा एकत्र करून झाली; तोटा पुणे ६० टक्के, पिंपरी-चिंचवड ४० टक्के असा वाटून घेतात. हिंजवडीची फेरी या दोघांच्याही हद्दीबाहेर जाते, तेव्हा जास्त बस सोडा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, खर्च कोणाच्या नावे? मेट्रोच्या पहिल्या दोन मार्गिका महामेट्रोच्या, तिसरी म्हणजे माण ते शिवाजीनगर ही २३ किलोमीटरची पीएमआरडीएची. तिचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं आणि तिच्यासाठी विद्यापीठ चौकातला पुणे महापालिकेचा उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावा लागला. बालेवाडी-वाकड पुलाचीही गोष्ट याच घराण्यातली: नदीवर पूल उभा, वाकडकडची बाजू तयार, आणि बालेवाडीकडचा जोडरस्ता भूसंपादनात वर्षानुवर्षं अडकून राहिला. दोन महापालिकांना जोडणारा पूल एका बाजूने कुठेच न जाणारा, हे चित्र कुणा व्यंगचित्रकाराने काढलं असतं तर अतिशयोक्ती वाटली असती.

२०२५ च्या गदारोळात आयटी कर्मचारी आणि सोसायट्यांनी मागणी लावून धरली: हिंजवडी, माण, मारुंजी आणि आसपासची गावं पिंपरी-चिंचवडमध्ये घ्या. मागणी समजण्यासारखी आहे. महापालिका म्हणजे सगळं सुरळीत, असं मात्र ज्याला वाटतं त्याने फुरसुंगीत चक्कर मारावी. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेली. कर शहराचा लागला, सोयी गावाच्याच राहिल्या, कचरा डेपोचं जुनं दुखणं होतंच. लोकांनी ओरड केली आणि अखेर दोन्ही गावं बाहेर काढून त्यांची नगरपरिषद केली. गावं ताटात वाढायची आणि परत उचलायची, असा हा खेळ. २०२१ मध्ये आणखी २३ गावं पुण्यात आली, तिथेही पाण्याच्या टँकरची घरघर थांबलेली नाही.

सरकारने जुलैमध्ये वेगळा तोडगा काढला. हिंजवडीसाठी पीएमआरडीएच्या आयुक्तांकडे एकछत्री जबाबदारी दिली. अतिक्रमणं निघाली, नाले मोकळे होऊ लागले, कामांना वेग आला हे मान्य करायला हवं. पण आयुक्त बदलीच्या नोकरीत असतो, आणि करांच्या वाटा या आदेशाने एका इंचानेही वळल्या नाहीत.

ज्या दोन शहरांचं नाव घेऊन आपल्याला धाक घातला जातो, त्यांनी याच गाठीला कुठे हात घातला हे पाहण्यासारखं आहे. आंध्राने, म्हणजे आताच्या तेलंगणानेही, औद्योगिक क्षेत्रांत स्थानिक प्राधिकरणं नेमली; ती मालमत्ता कर स्वतः गोळा करतात, त्यातला साधारण तिसरा हिस्सा त्या भागातल्या पंचायतीला किंवा पालिकेला देतात आणि उरलेला तिथेच खर्च करतात. २००७ मध्ये हैदराबादने भोवतालच्या बारा नगरपालिका एका दमात महापालिकेत घेतल्या, त्यामुळे हायटेक सिटी शहराच्या हद्दीत आली. बंगळूरला इलेक्ट्रॉनिक्स सिटीसाठी २०१३ मध्ये औद्योगिक नगरी प्राधिकरण झालं. घटनेच्या कलम २४३ क्यू मध्ये याची मुभा आहे आणि आपल्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्याच्या नावातच ‘औद्योगिक नगरी’ हे शब्द आहेत. बंगळूरची वाहतूक सुधारली असं कोणी म्हणणार नाही, सिल्क बोर्ड चौक आहेच. पण इलेक्ट्रॉनिक्स सिटीच्या आतल्या रस्त्याला खड्डा पडला तर कोणाकडे जायचं हे तिथल्या माणसाला ठाऊक असतं. याला किंमतही आहे: औद्योगिक नगरीत नेमलेली माणसं कारभार करतात, गावकऱ्याचं मत कुंपणाबाहेर राहतं. जमीन आधीच दिलेल्या माणच्या शेतकऱ्याला हे सांगायला जाणाऱ्याने घट्ट मनाने जावं.

मला विचाराल तर मी हद्दीच्या भांडणाआधी वहीचं काम काढीन. व्यवसाय करातला ठरावीक वाटा नोकरीच्या ठिकाणच्या संस्थेला, मग ती पंचायत असो, नगरपरिषद असो की महापालिका. म्हणजे कंपनी गेल्याची झळ सरपंचाच्या अंदाजपत्रकाला लागेल, आणि रुंदीकरणात ओटा जाणाऱ्याला मोबदला देण्याची ताकदही त्याच्याच हाती येईल. रोजगार हमीच्या पैशाला त्यातून खड्डा पडेल, तो राज्याने दुसरीकडून भरावा. हे एवढ्याने ओढा मोकळा होणार नाही, हेही मला कळतं.

चार वर्षांच्या प्रशासकराजनंतर १५ जानेवारी २०२६ ला पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांसाठी मतदान झालं. बालेवाडीच्या माणसाने पुण्यासाठी मत दिलं, वाकडच्याने पिंपरी-चिंचवडसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेही ज्या रस्त्यावर अडकले, त्या गावात आदल्या दिवशी मतदान नव्हतं.